नाशिकच्या थंडीत रोजची मोटारसायकल आणि हाती आलेली नवी गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उलटली की हे प्रश्न यायला लागतात आणि संक्रांतीपर्यंत येत राहतात. विचारणारे बहुतेक सकाळी लवकर निघणारे असतात. कुणी अंबड-सातपूरच्या पहिल्या शिफ्टचे, कुणी सिन्नर-गोंद्याला रोज ये-जा करणारे, कुणी ओझर-पिंपळगावहून शहरात कॉलेजला येणारी मुलंमुली. जुनी कार्बोरेटरची गाडी देऊन बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक निकषांची) गाडी घेतलेल्यांचे प्रश्न आता त्यात निम्मे असतात. माझं ठाम मत आधीच सांगतो. आपल्याकडची थंडी इंजिनाचं फारसं काही बिघडवत नाही. ती हातांची पकड, डोळ्यांसमोरची काच आणि टायरची रस्त्यावरची पकड बिघडवते. नवी गाडी स्वतःची काळजी बरीचशी स्वतः घेते, म्हणून आपलं लक्ष या तीन गोष्टींकडे वळवा.

१. तापमान १०-१२ अंश असतं, तरी गाडीवर एवढी थंडी का वाजते?

तापमान सांगतात ते वारा न लागणाऱ्या, सावलीतल्या हवेचं. गाडीवर तुम्ही सतत वारा अंगावर घेत असता. आपल्या शरीराच्या उबेने अंगाभोवती गरम हवेचा पातळ थर तयार होतो, तो वारा टिकूच देत नाही. हवामानशास्त्रात यासाठी एक सूत्र वापरतात. त्यानुसार तापमान १० अंश असताना ताशी ५० किलोमीटरने गेलात, तर उघड्या त्वचेला साधारण साडेपाच अंशांइतकी थंडी जाणवते. तापमान ८ असेल तर जाणवते ती ३ अंशांच्याही खाली.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असलं की जमीन रात्रीत झपाट्याने निवते आणि पारा सर्वांत खाली जातो तो सूर्योदयाच्या सुमारास, म्हणजे नेमका पहिल्या शिफ्टच्या वेळी. निफाडकडे तो काही वेळा ५ अंशांच्याही खाली जातो. गार हवा जड असते, ती खोलगट भागात साचते. चेहेडीला दारणेचा पूल आला की अंगावर एकदम गारठा येतो, तो यामुळेच. अशा जागी पोहोचण्याआधीच वेग थोडा उतरवा.

२. स्वेटरवर स्वेटर घालूनही थंडी वाजते. नेमकं काय घालावं?

स्वेटर ऊब धरतो, वारा अडवत नाही. वारा अडवणारा थर सर्वांत बाहेर हवा. महागडं रायडिंग जॅकेट नसेल तर पावसाळ्यातला रेनकोटचा शर्ट स्वेटरवर चढवा, फरक पहिल्याच सिग्नलपर्यंत कळेल. आत अंगालगत सुती बनियनपेक्षा थर्मल बरं, कारण घामाने ओलं झालेलं सुती कापड लवकर वाळत नाही आणि परतीच्या वाटेवर तेच गार लागतं.

तीन जागा लोक विसरतात: गळा, गुडघे आणि मनगट. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून वर गळपट्टा, म्हणजे डोक्यातून घालायचा नळीसारखा कपडा, चढवा. मफलर वापरत असाल तर त्याची टोकं जॅकेटच्या आत खोचा. मोकळं सुटलेलं मफलर, ओढणी किंवा पदर चेनमध्ये वा चाकात गेला तर थेट जिवावर बेततं. गुडघ्यांसाठी पँटवरून रेनकोटची पँट चालते.

जॅकेट उलटं, पाठ पुढे करून घालणारे बरेच दिसतात. वारा अडतो हे खरं, पण खांदे आवळले जातात आणि पटकन हँडल वळवताना हात अडतो. ते टाळा.

३. हात इतके बधीर होतात की ब्रेक दाबला जातोय की नाही तेच कळत नाही. उपाय काय?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून सविस्तर लिहितो. बधीर बोटांनी ब्रेक उशिरा दाबला जातो आणि किती जोराने दाबला याचा अंदाज राहत नाही. पुढचा ब्रेक एकदम जोरात दाबला जाण्याचा धोका इथेच असतो. सकाळी रस्त्यावर दव असेल तर तो आणखी वाढतो.

विणलेले लोकरी हातमोजे गाडीसाठी कामाचे नाहीत. वारा आरपार जातो आणि लिव्हरवरून बोट घसरतं. तळव्याला चामडं किंवा रबरी पकड असलेले, वारा न शिरणारे आणि मनगटाच्या वर जाऊन जॅकेटच्या बाहीवर किंवा बाहीखाली नीट बसणारे घ्या. दुकानात हात लांब करून नव्हे, मूठ वळून पाहा. मूठ वळल्यावर बोटांची टोकं आवळली गेली तर तो मोजा लहान आहे. आवळल्याने रक्त कमी पोहोचतं आणि जाड मोज्यातही बोटं गारठतात. आत पातळ अस्तराचा मोजा घालायचा असेल तर बाहेरचा एक माप मोठा घ्यावा लागतो.

हँडलवर बसवायची रेक्झिनची कव्हरं दिसायला ओबडधोबड असली तरी फार गुणाची. सिन्नरच्या रस्त्यावर दूधवाल्यांच्या गाड्यांना ती हमखास दिसतील. बसवताना दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे रेस सोडल्यावर मूठ आपोआप मागे येते का, कव्हरात अडकत तर नाही ना. दुसरी, वाऱ्याच्या दाबाने कव्हर ब्रेक लिव्हरवर रेलत नाही ना. ते रेललं तर मागचा लाल दिवा सतत लागून राहतो आणि तुम्ही खरोखर ब्रेक लावता तेव्हा मागच्याला काहीच समजत नाही.

नव्या गाडीवर आणखी एक अडचण येते. हॉर्न, इंडिकेटर आणि डिपरच्या बटणांच्या जागा जुन्या गाडीपेक्षा वेगळ्या असतात. मोजे घालून, गाडी स्टँडवर असताना सगळी बटणं न बघता दाबून पाहा. डिपर मारायला जाऊन हॉर्न वाजतोय असं होत असेल तर सराव अजून हवा.

वाटेत बधीरपणा आलाच तर गाडी बाजूला घ्या, हात काखेत धरा, मुठी उघडमीट करा. सायलेन्सरवर किंवा इंजिनावर हात शेकू नका. बधीर हाताला चटका कळत नाही. थोड्याशा गारठ्यानेही बोटं पांढरीफटक, मग निळसर पडून दुखत असतील आणि हे वारंवार होत असेल, तर मोजे बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा.

४. हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते, चष्म्यावर तर त्याहून जास्त. काच उघडी ठेवूनच चालवू का?

पूर्ण उघडी नको. गार वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतं आणि समोरच्या डंपरची धूळ थेट आत जाते. काच बोटभर उघडी ठेवा, बहुतेक हेल्मेटांत तेवढा खटका असतोच. हनुवटीजवळची हवेची खिडकी उघडा. मफलर किंवा मास्क नाकाखाली घ्या किंवा वरची कड नाकाला घट्ट बसवा, नाहीतर प्रत्येक श्वास वर जाऊन काचेवर बसतो.

काचेच्या आतून लावायची वाफरोधक फिल्म मिळते, चष्मेवाल्यांनी तो खर्च करावा. तात्पुरता उपाय म्हणजे भांड्याच्या लिक्विड साबणाचा थेंबभर थर आतून लावून मऊ कोरड्या फडक्याने दिसेनासा होईपर्यंत पुसणे. तो थोडा वेळच टिकतो. काचेवर ओरखडे पडले असतील तर कुठलाही उपाय चालणार नाही. समोरच्या गाडीचा प्रकाश त्या ओरखड्यांवर फुटतो, त्यामुळे काच बदलावीच लागते. काळी काच पहाटे आणि संध्याकाळी अजिबात वापरू नका.

५. कानटोपीवर हेल्मेट चालतं का?

जाड लोकरी कानटोपीवर नाही. हेल्मेट वर उचललं जातं, सैल बसतं आणि पडल्यावर डोक्यावरून सरकतं. पातळ, कापडी, पूर्ण चेहऱ्याची टोपी चालते. ती घालून हेल्मेटचा पट्टा लावा आणि मान स्थिर ठेवून हेल्मेट हलवून पाहा. गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली तर ते नीट बसलं आहे. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह हवं आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, हे वेगळं सांगायला नको.

६. नव्या गाडीला चोकच नाही. गार सकाळी ती चालू कशी करायची आणि किती वेळ गरम करायची?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि त्यानंतर आपल्या रोजच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. इंजिन किती गार आहे हे सेन्सर सांगतो आणि त्यानुसार किती पेट्रोल सोडायचं हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. तुम्ही चोक ओढून जे करत होता, ते तो स्वतः करतो.

चावी फिरवा आणि सेल्फला हात लावण्याआधी दोन-तीन सेकंद थांबा. टाकीतून बारीक घरघर ऐकू येईल, तो पेट्रोलचा पंप दाब तयार करत असतो. तो आवाज थांबला की रेसला हात न लावता सेल्फ मारा. जुन्या गाडीची सवय असलेला माणूस चावी फिरवतानाच मूठ पिळतो. त्याने संगणकाचा अंदाज बिघडतो आणि गाडी चालू होऊन लगेच बंद पडते. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये दहा-पंधरा सेकंदांची उसंत द्या.

चालू झाल्यावर इंजिन थोडं वरच्या आवाजात फिरेल आणि हळूहळू खाली येईल. हा बिघाड नाही. अर्धा ते एक मिनिट पुरे, तेवढ्यात हातमोजे आणि हेल्मेटचा पट्टा होतो. त्यानंतर निघा, पण पहिले दोन-तीन किलोमीटर हळू. उभ्या गाडीला रेस देत पाच-सात मिनिटं गरम करणं म्हणजे पेट्रोल फुकट घालवणं. चालत्या गाडीत इंजिनाबरोबर गिअर, चेन आणि टायरही गरम होतात, उभ्या गाडीत होत नाहीत.

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा चावी फिरवल्यावर लागतो. काही गाड्यांत तो दोन-तीन सेकंदांनी विझतो, काहींत इंजिन चालू झाल्यावर. चालत्या गाडीत तो लागून राहिला तर सर्व्हिस सेंटरला दाखवा. कोपऱ्यावरच्या गॅरेजात स्कॅनर नसेल तर तिथे फक्त अंदाज बांधले जातील.

७. माझ्याकडे अजून जुनी कार्बोरेटरचीच गाडी आहे. सकाळी किक मारून पाय दुखतो. काय करू?

चावी बंद ठेवून तीन-चार किका मारा, म्हणजे गार इंजिनात पेट्रोल ओढलं जातं आणि ऑइल हलतं. मग चोक पूर्ण ओढून, चावी चालू करून, रेस न देता किक मारा. गाडी धरली की अर्ध्या मिनिटाने चोक अर्धा करा आणि इंजिन स्थिर झालं की पूर्ण बंद. चोक तसाच राहिला तर प्लग काळा पडतो आणि दुसऱ्या दिवशी त्रास दुप्पट.

एवढं करूनही धरत नसेल तर आधी प्लग काढून पाहा. काळा, ओला किंवा झिजलेला प्लग बदलणं हा सर्वांत स्वस्त इलाज. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून गार इंजिनात जुन्या गाड्या थोड्या कुरकुरतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल धरतं. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट रिकामी ठेवू नका.

८. सेल्फ मारला की नुसती टकटक होते. किक नाही, आता धक्का मारून चालू करू का?

टकटक म्हणजे बहुतेक वेळा बॅटरी उतरली आहे. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते, त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. उन्हाळ्यात जेमतेम चालणारी बॅटरी डिसेंबरात हमखास दगा देते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावलं तर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करून तपासून घ्या. इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे.

धक्क्याचं म्हणाल, तर कार्बोरेटरच्या गाडीत तो चालून जायचा. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि संगणक दोन्ही विजेवर चालतात. बॅटरी पूर्ण मेली असेल तर कितीही पळवा, पेट्रोलच येणार नाही. वर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचं नुकसान होऊ शकतं. बॅटरीत थोडा जीव असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये एखादा प्रयत्न ठीक, पुढे मेकॅनिकला बोलवा.

बाहेरून बसवलेले मोबाइल चार्जर, ट्रॅकर आणि जादा दिवे गाडी बंद असतानाही बॅटरी खात असतात. नवी गाडी घेतल्याबरोबर वायर कापून असं काही बसवू नका, वॉरंटीचाही वाद होतो.

९. सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि पाण्याचे थेंब येतात. इंजिन गेलं का?

नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होतेच, गार सायलेन्सरमध्ये तिचं पाणी होतं. गाडी गरम झाल्यावर ते थांबलं पाहिजे. गरम गाडीतूनही निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय.

एक अपवाद सांगतो. रोज जेमतेम दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या ऑइल झाकणाखाली दुधाळ थर दिसतो. इंजिन पुरतं गरमच होत नाही, त्यामुळे ओल ऑइलमध्ये राहते. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटांची सलग फेरी मारली की ती उडून जाते. तरीही थर जात नसेल तर दाखवा.

१०. थंडीत अ‍ॅव्हरेज पडतं का?

थोडं पडतं. गार इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं (प्रश्न ६) आणि टायरची हवा कमी झालेली असते (प्रश्न १२). अंतर जितकं कमी तितका फरक जास्त जाणवतो. मीटरवरचा आकडा न पाहता टाकी फुल करून मोजा.

११. हिवाळ्यासाठी पातळ ऑइल टाकावं का?

कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच टाका. १०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा गारठ्यातल्या पातळपणाचा, दुसरा गरम इंजिनातला. नाशिकच्या थंडीसाठी त्यात बदल करायची गरज नाही. चारचाकीचं ऑइल मात्र कधीच नको. मोटारसायकलच्या क्लच प्लेट त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात आणि त्या घसरायला लागतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलं पाहा.

सकाळी पहिला गिअर टाकताना "खाट" असा आवाज येतो तोही याच प्लेटांमुळे, रात्रभरात त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. गिअर टाकण्याआधी क्लच तीन-चार वेळा दाबून सोडा.

१२. टायरमध्ये हवा कमी ठेवली तर पकड वाढते म्हणतात. थंडीत तसं करावं का?

नको. तापमान १० अंशांनी उतरलं की मोटारसायकलच्या टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने कमी होतो, म्हणजे थंडीने हवा आधीच उतरवलेली असते. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा आणि पुस्तकातल्या आकड्याइतकी भरा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये मोजलेला आकडा फसवा असतो.

नव्या गाडीचे टायर पहिले दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतात. त्यात गारठलेलं रबर आणि दव, म्हणून वळणावर गाडी फार झुकवू नका. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, रंगवलेले गतिरोधक, पुलांचे लोखंडी सांधे आणि कांद्याच्या चाळीवरून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली माती, या चार जागी ओल असेल तर ब्रेक आधीच मारून घ्या, त्यांच्यावर नको.

१३. जुन्या गाडीत चारही गिअर पुढे होते. नवीत पहिला खाली आणि बाकीचे वर. सारखी चूक होते. किती दिवस लागतील?

दिवस सांगता येणार नाहीत, पण चूक नेमकी कशी होते ते समजून घेतलं तर सवय लवकर लागते. जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर पंजाने पुढे दाबलं की गिअर वाढायचा. नव्या गाडीवर पंजाने खाली दाबलं की गिअर कमी होतो. त्र्यंबक रोडवर तिसऱ्यात पन्नासने चाललात, चौथा टाकायचा म्हणून सवयीने पंजा दाबला आणि क्लच झटक्यात सोडला, तर गाडी दुसऱ्यात येते. इंजिन एकदम ओरडतं, मागचं चाक क्षणभर आवळल्यासारखं होतं आणि गाडीची शेपूट हलते. कोरड्या रस्त्यावर ती सावरते. दव पडलेल्या रस्त्यावर सावरेलच असं नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात गिअर बदलल्यावर क्लच हळू सोडायचा, हा एकच नियम पाळा. चुकीचा गिअर पडला तरी हळू सोडलेल्या क्लचने तो आधीच जाणवतो आणि पुन्हा दाबायला वेळ मिळतो. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर एक ते वर आणि वरून खाली असा सराव करा, तोंडाने आकडा म्हणत. डॅशबोर्डवर गिअरचा आकडा दिसत असला तरी नजर रस्त्यावर ठेवून करा. घरात जुनी गाडीही असेल तर या काळात तिच्यावर बसू नका. अदलाबदलीने पायाचा गोंधळ वाढतो. जाड बुटांनी नव्या गिअर लिव्हरखाली पंजा जात नसेल तर लिव्हरची उंची जुळवून मिळते, शोरूममध्ये सांगा.

वजनाचंही तेच. ११० किलोच्या गाडीवरून १८०-१९० किलोच्या गाडीवर आलात, तर चालवताना फरक कमी आणि उभी करताना जास्त जाणवतो. उतारावर, रेतीवर पाय टेकवताना जागा आधी बघून घ्या.

१४. ब्रेक दाबला की लिव्हर थरथरतो. हेच एबीएस का? मग आता बिनधास्त ब्रेक मारायचा का?

थरथर म्हणजे एबीएस काम करतंय, ब्रेक सोडू नका. घाबरून सोडणारेच जास्त असतात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी माहीत करून घ्या. एकाच चाकाचं एबीएस बहुधा पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक लॉक होऊ शकतं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण चाक लॉक होण्यापासून तो वाचवत नाही.

एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. निसरड्या रस्त्यावर थांबायला लागणारं अंतर त्यामुळे नाहीसं होत नाही आणि वळणात झुकलेल्या गाडीला साधं एबीएस वाचवू शकत नाही. मोहदरी घाटातून पहाटे उतरताना वेग सरळ रस्त्यावर कमी करा आणि मग वळण घ्या.

१५. गाडी डिसेंबरात घेतली. रनिंग-इनमध्ये हायवेने रोज गोंद्याला जाऊ का?

जा, पण एकाच वेगात तासन्‌तास नको. रनिंग-इनमध्ये, म्हणजे पहिल्या हजार किलोमीटरांत, वेग कमी-जास्त करत राहायचं, इंजिन फार ओढायचं नाही आणि वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने दडपायचंही नाही. गार इंजिन पहिल्या पाच मिनिटांत पिळलं तर नुकसान या काळात सर्वाधिक. पहिली सर्व्हिसिंग पुस्तकातल्या किलोमीटर किंवा दिवसांपैकी जे आधी येईल त्यावर करा. नव्या इंजिनातले धातूचे बारीक कण त्या पहिल्या ऑइलबरोबर बाहेर जातात.

१६. नवी गाडी मध्येच आपोआप बंद पडते किंवा चालूच होत नाही. बिघाड आहे का?

आधी बिघाड नसलेली कारणं तपासा. साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होतं. इंजिन बंद करायचं लाल बटण हातमोज्याने नकळत दाबलं जातं, हे तर फारच वेळा होतं. सिग्नलला आपोआप बंद होणारी यंत्रणा असेल तर क्लच दाबला किंवा मूठ वळवली की गाडी पुन्हा चालू होते. गाडी आडवी पडली असेल तर झुकाव ओळखणारा सेन्सर इंजिन थांबवतो. गाडी उभी करा, पेट्रोल गळत नाही ना पाहा, चावी बंद करून पुन्हा चालू करा.

यातलं काहीच नसेल तर प्रश्न ८ पाहा. हेडलाइट बंद करायचं बटण सापडत नाही, अशीही विचारणा असते. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना ते बटणच नसतं.

१७. पहाटे धुकं आणि संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्या. पिंपळगाव-निफाडकडून येताना काय सांभाळावं?

गोदाकाठच्या सायखेडा-चांदोरी पट्ट्यात धुकं एकाएकी दाट होतं. अप्पर लाइट लावू नका. प्रकाश धुक्यावरून परत डोळ्यांत येतो आणि नव्या एलईडीच्या पांढऱ्या प्रकाशात हे जास्तच जाणवतं. डिपरवर, रस्त्याची डावी कड धरून, जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता येईल अशा वेगाने चला.

कडाक्याच्या थंडीत द्राक्ष उत्पादक बागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात. वाऱ्याशिवाय तो धूर रस्त्यावर खाली बसून राहतो. त्यांच्या वर्षभराच्या कष्टाचा प्रश्न असतो, आपण वेग कमी करावा.

उसाची ट्रॉली दिसण्याआधी जवळ आलेली असते. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. समोरच्या वाहनाचा प्रकाश डोळ्यांवर येत असेल, तेव्हा त्या प्रकाशामागच्या अंधारात ट्रॉली उभी असू शकते असं धरूनच चाला. स्वतःच्या जॅकेटवर आणि हेल्मेटच्या मागे चमकपट्टी लावा, ती शंभर रुपयांच्या आत मिळते. कांद्याच्या आणि उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना भेटून त्यांच्या ट्रॉलीवर पट्टी लावून देणारी मंडळी आहेत, तुमच्या गावात नसतील तर तुम्ही सुरू करा.

१८. संक्रांतीच्या आधी मांजाची भीती वाटते. खरंच काही करता येतं का?

येतं, आणि करायलाच हवं. नाशिक आणि येवल्यात पतंगाचा जोर मोठा, आणि नायलॉन मांजाने दुचाकीस्वारांचे गळे चिरले जाण्याच्या घटना इथे घडल्या आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. नायलॉन तुटत नाही, वेगातल्या माणसाच्या गळ्यावर तो करवतीसारखा चालतो.

डिसेंबरच्या मध्यापासून जाड, दुहेरी गळपट्टा रोज घाला. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं ठेवा, काच खाली (वाफेसाठी प्रश्न ४). आरशांच्या बाजूला बसवायची धातूची उभी कांडी किंवा कमान मिळते, ती मांजा वर अडवते. उड्डाणपुलावर वेग कमी ठेवा, कारण पुलाची उंची आणि पतंगाच्या दोऱ्याची उंची तिथे एक होते. पुढे उभं केलेलं मूल या दिवसांत अजिबात नको. दोरा अंगाला लागल्याचं जाणवलं तर हाताने ओढू नका, ब्रेक मारून थांबा. नायलॉन मांजा विकताना दिसला तर पोलिसांना कळवा.

१९. मुलीला रोज सकाळी शाळेत सोडतो. तिला पुढे बसवू की मागे?

मागे. पुढे बसलेल्या मुलाला सगळा वारा आणि सगळा धोका आधी लागतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी सुरक्षा पट्टा, मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मोठ्या मुलांनाही हेल्मेट हवंच. सकाळी मूल पेंगतं, म्हणून कमरेला मिठी मारायला सांगा आणि पट्टा चार वर्षांनंतरही वापरा.

२०. इलेक्ट्रिक दुचाकीला थंडीचा त्रास होतो का?

रेंज थोडी कमी होते, कारण गार बॅटरीतून वीज तितक्या सहज निघत नाही. रात्री घरी पोहोचल्यावर बॅटरी कोमट असतानाच चार्जिंगला लावा. रेस सोडल्यावर गाडी स्वतःहून मंदावते तो परिणाम गार सकाळी कमी जाणवू शकतो, पहिल्या चौकात ब्रेकवरच भिस्त ठेवा.

२१. नाइट शिफ्ट संपवून सातला घरी निघतो. थंडीने झोप उडते, मग धोका काय?

थंडीने झोप उडत नाही, फक्त अंग आखडतं. रात्रभर जागलेल्या माणसाला ऊन तोंडावर आलं आणि अंग जरा उबलं की डुलकी लागते. ही वेळ बहुतेकदा घर जवळ आल्यावर येते. सर्दी-खोकल्याच्या पुष्कळ औषधांनी गुंगी येते, शिफ्टच्या शेवटी ती घेऊन गाडीवर बसू नका. गेटबाहेर चहा घ्या, पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटून बसा, मग निघा. ताप असेल किंवा रस्त्यात मागचा एखादा किलोमीटर आठवत नसेल, तर गाडी कंपनीच्या पार्किंगमध्ये ठेवून कंपनीच्या बसने किंवा सहकाऱ्याच्या मागे बसून या. गाडी दुपारी नेता येते.